होणारा चोर

कप खाली ठेवा आधी. ठेवला? हां. मागच्या खेपेला हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं. म्हणून म्हटलं, आधीच सावध करावं. माझे लहानसहान गाढवपणे तुम्हाला ठाऊक आहेतच. हा त्यांचा बाप!

तर गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी हैदराबादेत शिकत होतो. म्हणजे निदान बापूंची तशी समजूत होती. बापू म्हणजे माझे वडील. चुडावा स्टेशनपासून कोसभरावर आमचं गाव, घरची ज्वारी-कापसाची शेती, आणि गावातून शहरात शिकायला गेलेला मी पहिला. त्यामुळे मी काहीही बोललो तरी लोक 'शिकलेलं पोरगं हाय' म्हणून मान डोलवायचे. आता माणसं मान डोलवायला लागली की बोलणारा थांबतो का कधी? तुम्हीच सांगा!

एकदा हैदराबादेत एका व्याख्यानाला गेलो. वक्ते होते जेलखान्यातले एक जुने डॉक्टर. विषय असा की माणूस गुन्हेगार का होतो, आणि तो होणार हे आधी ओळखता येतं का. मी काही विषयासाठी गेलो नव्हतो हो. मध्यंतरात चहा आणि बिस्किटं होती!

डॉक्टरांनी टेबलावर मातीचं एक मुंडकं ठेवलं होतं. छडीनं एकेक जागा दाखवत ते सांगायला लागले. चोर आईच्या पोटातूनच खुणा घेऊन येतो म्हणे. कानाची पाळी गालाला चिकटलेली. भुवया मधे जुळलेल्या. जबडा पुढं आलेला. हात गुडघ्यापर्यंत लांब. आणि अशा माणसाला भूक, एकटेपणा, लोकांकडून हिडीसफिडीस, असलं काही वाट्याला आलं, घरात बायको नसली, की तो चोरी करणार म्हणजे करणारच!

मी थक्क झालो. मग चहा झाला. चहा झाल्यावर मी उठून आलो.

चहानंतर डॉक्टर काय म्हणाले ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते म्हणाले होते, "आत्तापर्यंत जे सांगितलं ते जुन्या लोकांचं मत. त्यातली खुणांची गोष्ट तर साफ खोटी आहे." पण तोवर मी बिस्किटं खिशात घालून अर्ध्या रस्त्यात पोचलो होतो!

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलो ते ही अर्धी विद्या डोक्यात घेऊन. पण अडचण अशी की आमच्या गावात चोरीच होत नव्हती! कुणाची कोंबडी हरवली तर ती संध्याकाळी शेजारच्या खुराड्यात सापडायची, आणि शेजारीण वर अंडंही आणून द्यायची. अशा गावात चोर पकडून नाव कसं कमवायचं? मग मला सुचलं. झालेला चोर नसेल तर होणारा चोर पकडावा!

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बसलो. हातात सुतळी. येईल त्याचा कान मोजायला लागलो. बघता बघता रांग लागली! देवीची लस टोचायला कधी एवढी लागली नव्हती. आमची गंगाआत्या तेवढी लांबून बघत होती. बापूंची थोरली बहीण. तिच्या तोंडापुढं तहसीलदारही उभा राहिला नसता.

"दिगू, काय करायलाय रे?"

"आत्या, चोराच्या खुणा बघतोय. आता हे हात. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत..."

"गुडघ्यापर्यंत? आरं, परभू रामचंद्राचे हात गुडघ्यापर्यंत व्हते म्हणतेत. त्येला बी चोर म्हणतूस का काय?"

"आत्या, ते देव आहेत."

"मंग देवाला सोडतूस आन माणसाला धरतूस व्हय? ही कोणची विद्या म्हणावी!"

सगळे हसले. मी मात्र तिकडं दुर्लक्ष केलं. विद्वानांना अशा गोष्टी सोसाव्याच लागतात.

तेवढ्यात समोरून सटवा आला.

सटवा म्हणजे आमच्याकडचा मेंढपाळ. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की शेताला खत मिळावं म्हणून त्याची मेंढरं आमच्याच शेतात बसायची. वय असेल तिशीच्या पुढं. लग्न झालेलं नाही, आईबाप गेलेले, दिवसभर मेंढरांशिवाय बोलायला कुणी नाही. आणि चेहरा? अहो, ते मातीचं मुंडकं याच्यावरूनच केलं असावं! भुवया अशा जुळलेल्या की कपाळावर जणू एकच काळी सुतळी ठेवलीय. पाळी चिकटलेली. जबडा पुढं. हात लांबच लांब.

मी उभाच राहिलो. "सटवा, तू चोर आहेस!"

सटवा गडबडला. "म्या? कवा चोरलं ओ धाकलं मालक?"

"अजून नाही. पण चोरशील."

"काय चोरंल?"

"ते तुझं तू बघ. पण चोरशील नक्की."

सटवानं जरा विचार केला. "कवा ते सांगता का? न्हाई म्हंजी, मेंढरं कुणाच्या तरी हवाली करावी लागतेल."

आता मागं कसं हटणार? मी ठोकून दिलं, "म्हसोबाच्या जत्रेच्या आत!"

आमचे पोलीस पाटील किसनराव तिथंच होते. सरकारी माणूस, भित्रा स्वभाव. त्यांना घाम फुटला. "दिगंबर, ह्यावर उपाय काय म्हणायचा?"

मी डॉक्टरांच्या थाटात सांगितलं, "कारणं दूर करा. भूक, एकटेपणा, अपमान. आणि घरात बायको पाहिजे."

एवढंच बोललो हो! मला काय ठाऊक, गाव ते मनावर घेईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा मेंढरं घेऊन निघाला, तर पहिल्याच घरातून हाक आली. "सटवा, आरं ये, भाकर खाऊन जा." पुढच्या घरी ताक. त्याच्या पुढच्या घरी शेंगदाण्याची चटणी आणि वर गूळ. घराघरातल्या बायकांनी ठरवलं होतं की सटवा उपाशी म्हणून राहता कामा नये. उपाशी राहिला की आपल्याच घरात शिरायचा! वेशीच्या बाहेर पडेपर्यंत सटवाला चालवेना. मेंढरं पुढं आणि हा मागं ढेकर देत.

एकटेपणा घालवायला संध्याकाळी त्याला पारावर बोलावणं यायला लागलं. 'बस सटवा', 'पान घे सटवा'. पूर्वी ज्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं त्याला किसनराव स्वतः 'सटवाजी' म्हणायला लागले. सटवाजी! कारण न जाणो, अपमान झाला आणि यानं हात मारला तर बंदोबस्त कुणी करायचा?

आणि मग तर कहरच झाला. किसनराव बैलगाडी जुंपून पिंगळीकडं गेले आणि सटवासाठी मुलगी बघून आले! मेंढपाळाच्याच घरची, कामाची, हसतमुख. जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची लग्नाची तिथी धरली. मांडव गाव घालणार, जेवण गाव घालणार.

सटवा मला भेटायला आला. अंगानं भरलेला, गालावर तकाकी. माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "धाकलं मालक, तुमच्यावाणी माणूस न्हाई. मला आदी सांगितलं आसतं तर पाच-सात वर्सं मागंच चोर झालो आसतो!"

आता सांगा, याला काय म्हणावं?

बरं, हे बघून बाकीच्यांच्या पोटात दुखायला लागलं. गणू न्हावी माझी दाढी करता करता वस्तरा गळ्यावर थांबवून म्हणाला, "मालक, माजे कान जरा नीट बघा की. पाळी चिकटल्यावाणी वाटती का न्हाई?"

"नाही गणू, तुझी पाळी मोकळी आहे."

"आवो नीट बघा!" वस्तरा तिथंच.

"हां, हां, थोडीशी चिकटलेली आहे!"

त्या दिवसापासून गणूच्या घरीही ताक पोचायला लागलं.

पण माझं काय? जत्रा तोंडावर आली आणि सटवा चोरी करेना! करेल कशाला? सगळं गाव त्याला आयतं आणून देत होतं. आणि लोक मला विचारायला लागले, "का ओ, चोरी कवा हाय?" गाडीची वेळ विचारावी तसं! गंगाआत्या तर येता-जाता म्हणायची, "दिगू, तुजी चोरी लेट हाय का काय?"

मी हट्टाला पेटलो. सटवाच्या वाटेवर माझी नवी छत्री टाकून आलो. संध्याकाळी सटवा ती घेऊन दारात हजर! "तुमची छत्री पडली व्हती." मग माझे हैदराबादी बूट त्याच्या मेंढवाड्याजवळ ठेवले. बूट परत आले, वर तेल लावून मऊ करून! त्या तेलाचा वास पुढं वर्गातल्या पोरांनी सहन केला नाही, ते निराळं.

शेवटी जत्रेचा दिवस उजाडला. शेवटची संधी. बापूंचा चांदीचा पानाचा डबा ओसरीवर होता. बापू आंघोळीला गेलेले. मी डबा उचलला, धोतराच्या सोग्यात लपवला आणि थेट शेतात गेलो. सटवाचा मेंढवाडा म्हणजे नुसतं बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आत मेंढरं, बाहेर दोन कुत्री. कुत्री मला ओळखत होती, शेपटी हलवून परत झोपली. तोंडाशीच एक सपाट दगड होता, त्याच्यावर डबा ठेवला. उन्हात असा झळकला म्हणता! ह्याला भुलणार नाही तो चोर कसला? सटवा पलीकडं विहिरीवर होता. मी खूश होऊन जत्रेला गेलो.

जत्रा मजेत भरली होती. रेवड्या, पाळणे, कुस्त्या. आणि दुपारच्या सुमारास घोड्यावरून अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे तेव्हाचे पोलिसांचे साहेब. भरघोस मिशा, पायात चामडी पट्ट्या, सोबत एक जवान. जत्रेच्या बंदोबस्ताला दरवर्षी यायचे, पण यंदा आल्या आल्या त्यांनी किसनरावांना विचारलं, "काय जी पाटील, तुमच्या गावात होनेवाला चोर हाय म्हणे?"

किसनरावांनी हात जोडून सगळं सांगितलं. अमीनसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "फिर जत्रेत मोकळा कायकू सोडला त्याला? चला, त्याच्या वाड्याची झडती घेऊ. पराया माल सापडला तर आजच उचलतो!"

हे मी ऐकलं आणि तोंडातली रेवडी घशात अडकली.

डबा! डबा तिथंच दगडावर! आणि समोर सटवा रेवड्यांच्या दुकानापाशी उभा, हातात लग्नाचा नवाकोरा फेटा, येणाऱ्या-जाणाऱ्याला उलगडून दाखवतोय. "उद्या या बरं का जेवाया," म्हणून सांगतोय. आणि उद्या हा कुठं असणार? हवालातीत! माझ्या कानमोजणीपायी!

मी पळत सुटलो. अहो, रेल्वे सुटली तरी कधी एवढा पळालो नव्हतो. पाणंद सोडली, ढेकळं तुडवत आडवा गेलो. धापा टाकत वाड्यापाशी पोचलो तर दगड मोकळा!

सटवानं नेला? नाही हो! आत बघतो तर मेंढरांच्या मधोमध काहीतरी चमकतंय. कुठल्यातरी मेंढरानं धक्का मारून डबा आत लोटला होता. आणि त्याच्यावर पाय देऊन उभा होता सटवाचा एडका. शिंगं अशी की बैलानं वाट द्यावी!

तेवढ्यात पाणंदीकडून माणसांचा आवाज आला. आता काय करावं? कुंपणावर सटवाची काळी घोंगडी वाळत घातली होती. ती ओढली, डोक्यावरून घेतली आणि चार पायांवर आत शिरलो. हेतू असा की लांबून मेंढरू दिसावं.

मेंढरांनी मला सामावून घेतलं. एडक्याला मात्र माझी शंका आली. मी हळूच हात घालून डबा ओढला आणि त्यानं दोन पावलं मागं जाऊन मागून अशी धडक दिली की मी डब्यासकट पालथा पडलो! बाहेर माणसं येऊन उभी राहिली होती. ओरडता येईना. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "ब्यँ!"

खरं सांगतो, मला ते चांगलं जमलं असं वाटलं होतं. पण आतापर्यंत झोपलेली कुत्री ते ऐकून ताडकन उठली आणि भुंकत आत घुसली!

बाहेरून सटवाचा आवाज आला. "साहेब, ही काळी मेंढी माजी न्हाई."

त्यानं येऊन घोंगडी उचलली. खाली मी. डोक्यात लेंड्या, कपाळावर माती आणि छातीशी कवटाळलेला चांदीचा डबा.

बघतो तर समोर अमीनसाहेब, जवान, किसनराव, बापू, गंगाआत्या आणि निम्मी जत्रा!

"हा कोण?" अमीनसाहेब.

किसनराव पुटपुटले, "साहेब, हेच ते. चोर वळखणारे."

"हातात काय?"

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, नीट समजावून सांगावं. "साहेब, हा डबा आमच्याच घरचा आहे."

"घरून विचारून आणला?"

"नाही."

"फिर हितं कायकू आणला?"

"सटवानं चोरावा म्हणून."

"सटवानं चोरला?"

"नाही ना! तीच तर अडचण. म्हणून मी परत चोरायला... म्हणजे न्यायला आलो."

अमीनसाहेबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे घरून चोरला तू. हितून चोरला तू. आन चोर हा सटवा?"

लोक खो खो हसायला लागले. किसनरावांना वेगळाच आनंद झाला होता. ते म्हणाले, "पर साहेब, भाकीत खरं झालं! जत्रेच्या आत चोरी झालीच की!"

अमीनसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी जवानाला खूण केली आणि जवानानं पिशवीतून बेड्या काढल्या. खऱ्या, लोखंडी. सगळ्यात आधी मधे पडला तो सटवा.

"साहेब, सोडा त्येंला. भूक लागली आसंल बिचाऱ्याला. मला इचारा ना! दोन घास खाऊ घाला, चोरी आपोआप सुटती."

अमीनसाहेबांनी त्याला बाजूला केलं आणि बापूंकडं वळले. बापूंना मुलखात मान होता. अमीन म्हणाले, "बापूसाहेब, तुम्ही इज्जतदार आदमी. तुमच्या जबानीवर सोडतो. म्हसोबाची शपथ घेऊन सांगा, तुमचा लडका चोर हाय का न्हाई?"

बापूंनी माझ्या हातातला डबा घेतला. उपरण्यानं पुसला. पान काढलं, चुना लावला, सुपारी घातली. पान गालात बसलं, मग म्हसोबाच्या दिशेनं हात करून बापू बोलले.

"साहेब, चोरीला अक्कल लागती. भर दुपारी, जत्रा भरली आसताना, सवताच्या घरचा डबा, सवताच ठिवून, सवताच चोराया येणारा माणूस चोर कसा आसंल? ह्येला चोरीपुरती जरी अक्कल आसती तरी म्या ह्येला हैदराबादला धाडला नसता. घरीच ठिवला आसता, कामाला आला आसता!"

अमीनसाहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डोक्यावरची एक लेंडी त्याच क्षणी घरंगळून नाकावर आली.

"हौ," ते म्हणाले. "बात सही हाय. सोडा!"

बेड्या पिशवीत गेल्या. निजामाच्या मुलखात पुराव्याअभावी सुटलेले पुष्कळ असतील हो. अकलेअभावी सुटलेला मीच!

दुसऱ्या दिवशी सटवाचं लग्न थाटात झालं. सनई होती, बुंदी होती, अख्खं गाव पंगतीला. नवरी खरोखरच हसतमुख होती आणि सटवाकडं चोरून बघत होती. सटवानं हट्टानं मला मानाच्या पाटावर, बापूंच्या शेजारी बसवलं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? एका माणसाचा संसार तर उभा राहिला! फक्त एक गोष्ट मनाला टोचत होती. बापू म्हणजे देवाच्या बाबतीत फार कडक माणूस. आणि मला वाचवायला त्यांनी म्हसोबाची शपथ घेतली होती.

पंगतीत मी हळूच म्हणालो, "बापू, माफ करा. माझ्यापायी काल तुम्हाला देवासमोर खोटं बोलावं लागलं."

बापूंचा बुंदीचा घास तोंडाजवळ थांबला.

"खोटं?" ते म्हणाले. "खोटं कोण बोललं?"

आणि बुंदी तोंडात टाकून त्यांनी वाढप्याला हाक मारली, "ह्याच्या पानात बी वाढा रे, पण जपून. कुणाच्या ताटात जेवायचं ते कळंना ह्याला, माजं ताट वढायलाय!"

मी खाली बघितलं. खरंच हो, ताट त्यांचंच होतं!